गांडुळाचा प्रयोग: दोन्ही चॅनेलवर स्पाइक एकाच क्षणी का येतोय?

फोंड्याची बायोटीचर
नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ हायर सेकंडरीत बायो शिकवते. नर्व्हमधून सिग्नल किती स्पीडने धावतो ते अकरावीच्या पोरांना डोळ्यांनी दाखवायचंय, म्हणून दोन चॅनेलचा छोटा अॅम्प्लिफायर घेतलाय. कुळागरातली चांगली जाड गांडुळं आणतो, 10 टक्के अल्कोहोलमध्ये हालचाल थांबेपर्यंत ठेवतो, मग साध्या पाण्याने धुऊन कॉर्कवर पिना लावतो. पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलच्या पिनांत 4 सेंमी अंतर, ग्राउंडची पिन एकच, ती दोघींच्या मध्ये. अॅम्प्लिफायरची वायर लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या जॅकमध्ये, रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. डोक्याकडे काडीने हलकंसं टोचलं की स्पाइक (नर्व्हच्या सिग्नलचं टोकदार शिखर) येतो, स्पीकरवर टक् असा आवाजही येतो, पोरं एकदम खूश. पण तो स्पाइक दोन्ही चॅनेलवर एकदमच येतो, कितीही झूम केलं तरी फरक शून्य. मग स्पीड काढायचा कसा? त्यात 50 हर्ट्झची घूं घूं आहेच, आणि पावसात लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू झाला की विचारूच नका. चवथीच्या सुट्टीआधी हे प्रॅक्टिकल नीट झालेलं बघायचंय, कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

वायरवाला डिचोली
टीचर, गांडूळ बाजूला ठेवा, आधी लॅपटॉप तपासा. हेडफोन आणि माइक दोन्हीला मिळून एकच जॅक असतो ना, त्यात माइकसाठी एकच लाईन असते, म्हणजे मोनो. ऑडॅसिटीत तुम्ही स्टिरिओ निवडलं की तोच एक सिग्नल डाव्या-उजव्या दोन्ही ट्रॅकवर लिहिला जातो आणि आपल्याला वाटतं दोन चॅनेल आले. खात्री करायची तर स्टिरिओ ट्रॅक फोडून दोन वेगळे मोनो करा, एकाला इन्व्हर्ट (वरचं खाली, खालचं वर) लावा आणि दोन्ही मिक्स करा. सगळं सपाट झालं, नॉइजसकट, तर ती एकाच सिग्नलची कॉपी आहे, कारण खऱ्या दोन चॅनेलचा बारीक नॉइज कधीच तंतोतंत जुळत नाही. घाई असेल तर फक्त पहिल्या चॅनेलच्या पिनेला बोट लावा, घूं घूं दोन्ही ट्रॅकवर सारखीच वाढली तर तोच संशय धरा.
उपाय म्हणजे स्टिरिओ लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस. स्वस्तातल्या यूएसबी साउंड कार्डांतही माइक बहुतेक मोनोच असतो, त्यामुळे दुकानात 'लाइन-इन, स्टिरिओ' असं बघूनच घ्या.
घूं घूं साठी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, ट्यूबलाईट आणि फॅन बंद करा, पिनांच्या वायरी आखूड ठेवा आणि एकत्र पीळ घाला. साध्या इन्व्हर्टरचं आउटपुट चौकोनी वेव्हचं असतं, त्यात 50 बरोबर 150, 250 पण येतात, म्हणून 50 चा फिल्टर तिथे पुरा पडत नाही. लाईट नसेल तेव्हा तो इन्व्हर्टर सरळ बंदच करायचा. आणि फिल्टर लावलाच तर दोन्ही चॅनेलना अगदी सारखाच लावा, वेगळा लावला तर फिल्टरच एका चॅनेलला उशीर करतो आणि तो उशीर नर्व्हच्या खात्यात जमा होतो.

स्पाइकप्रेमी
वायरवाले म्हणतात ते आधी कराच, पण टीचर, मध्ये लावलेली ती ग्राउंडची पिन मला जास्त खटकतेय. प्रत्येक चॅनेल म्हणजे त्याची पिन वजा ग्राउंडची पिन. स्पाइक ग्राउंडखालून गेला की तोही दोन्ही चॅनेलवर उलटा होऊन एकाच क्षणी दिसणार. मोनोचा घोळ सुटला आणि तुम्ही ते टोक पकडलंत, तर फरक परत शून्यच. ग्राउंड शेपटीच्या टोकाला लांब न्या, म्हणजे डोक्याकडे टोचल्यावर आधी पहिली पिन, मग दुसरी, आणि शेवटी दोन्हींवर एकदम ते उलटं टोक. मोजायची पहिली दोनच.
दुसरं पाणी. आपल्याकडे जुलैत हवाच इतकी ओली की कॉर्कवरचं पाणी सुकत नाही, पिनांमध्ये पाण्याचा थर राहिला की सिग्नल एकीकडून दुसरीकडे पाझरतो. गांडूळ ओलं हवं पण कॉर्क कोरडा, तेव्हा पिनांच्या मधली जागा टिश्यूने टिपून घ्या. टोचायला काडीच ठेवा, धातू नको.
खरा नर्व्हचा सिग्नल ओळखायची एक चाचणी मी कधीच चुकवत नाही. डोक्याकडे टोचलं तर पहिला चॅनेल आधी यायला हवा, शेपटीकडे टोचलं तर दुसरा आधी. क्रम उलटला तर सिग्नल अंगातून प्रवास करतोय. नाही उलटला तर तो धक्क्याचा किंवा वायरीचा आवाज. डोकं कुठलं ते पुस्तकातल्यासारखंच, गुळगुळीत जाड पट्टा ज्या टोकाजवळ ते.

फोंड्याची बायोटीचर
देव बरें करूं दोघांनाही! इन्व्हर्ट करून मिक्स केल्यावर सगळं सपाट, म्हणजे मोनोच होतं. म्युझिक क्लासवाल्या शेजाऱ्यांचा इंटरफेस मागून आणला, ग्राउंड शेपटीला नेली, आणि आता क्रम खरंच उलटतोय, पोरांनी वर्गात ओरडाच केला. पण आता नवीन कोडं. डोक्याकडे टोचलं तर फरक साधारण 2 मिलीसेकंद, शेपटीकडे टोचलं तर जवळपास 4. अंतर तेच 4 सेंमी. म्हणजे एकदा सेकंदाला 20 मीटर आणि एकदा 10. सरासरी काढून 15 लिहायला सांगू का?

स्पाइकप्रेमी
सरासरी अजिबात नको टीचर, दोन्ही आकडे बरोबर आहेत! गांडुळाच्या नर्व्ह कॉर्डमध्ये जायंट फायबर, म्हणजे नर्व्हचे जाड तंतू, वेगवेगळे असतात. मधला मिडियल, तो जाड, डोक्याकडच्या स्पर्शाला पेटतो. बाजूचे दोन लॅटरल, ते बारीक, शेपटीकडच्या स्पर्शाला. जाड फायबरमध्ये आतला रेझिस्टन्स कमी म्हणून सिग्नल जास्त जोरात जातो. पोरांना दोन वेगळे रकाने करायला सांगा.
आणि जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झबद्दल नक्की सांगा. 1850 मध्ये त्याने बेडकाच्या नर्व्हवर दोन जागी करंट देऊन स्नायू आकसायला लागलेल्या वेळांची वजाबाकी केली. स्नायूला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, तो वजाबाकीत उडाला, उरला फक्त नर्व्हमधल्या प्रवासाचा. सेकंदाला 27 मीटरच्या आसपास आला होता. तुमच्या पोरांनी दोन पिनांवर केली ती हीच वजाबाकी.
फक्त प्रत्येक स्पाइकचं एकच ठिकाण धरा, शिखर तर शिखरच, आणि रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये सेव्ह करा, एमपी3 त नको. सेकंदाला 44100 ठिपक्यांच्या सॅम्पलिंगला 2 मिलीसेकंद म्हणजे 88 ठिपके होतात, तेवढ्यात फरक सहज मोजता येतो.

वायरवाला डिचोली
टीचर, तो इंटरफेस परत करायच्या आधी दोन्ही चॅनेलच्या वायरी अदलाबदल करून एकदा रेकॉर्ड करा. आकडे तेच आले आणि फक्त ट्रॅक बदलले, तर बॉक्समध्ये काही गडबड नाही.