मदत हवी आहे: हलाल कार्टवर व्हाइट सॉस नको असेल तर राइसवर काय घालून घ्यायचं? (न्यूयॉर्क, तातडीचं)

अटकमटक (सोमवार, रात्री ९:१०)
न्यूयॉर्ककरांनो, पटकन सांगा. उद्या दुपारी मिडटाउनमध्ये हलाल कार्टवर चिकन ओव्हर राइस घ्यायचंय. व्हाइट सॉस अजिबात नको. पण तो नसला की भात-चिकन घशात अडकतं, हा अनुभव आहे. त्याऐवजी काय मागायचं? गाडीवाल्याकडे दुसरं काय काय असतं? मागे रांग, तो 'व्हाइट सॉस, हॉट सॉस?' एवढंच विचारतो आणि आपण तोंड उघडेपर्यंत झाकण लावून पिशवी हातात.
'घरून डबा ने' आणि 'गूगल कर' ही दोन उत्तरं नकोत. गूगल केलंय. तिथे सगळे व्हाइट सॉसची रेसिपीच देतात.

चिंचगूळ (९:२२)
व्हाइट सॉस घरी फार सोपा आहे हो. अर्धा कप मेयो, अर्धा कप ग्रीक दही, चमचाभर व्हिनेगर, थोडं लिंबू, चिमूटभर साखर, भरपूर मिरपूड, बारीक चिरलेली पार्स्ली. पातळ करायला पाणी. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो.

अटकमटक (९:२५)
अहो, शीर्षक तरी वाचा की.

जर्सीकर_काका (९:३१)
कुठली गाडी? ५३वा रस्ता आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूचा कोपरा असेल तर प्रश्नच नाही. हलाल गाइज. १९९० मध्ये तिथे हॉट डॉगची गाडी होती. मुस्लिम टॅक्सीवाल्यांना धड जेवण मिळत नव्हतं, म्हणून १९९२ च्या सुमारास चिकन, जायरो (शिगेवर भाजून कापलेलं मांस), भात सुरू केलं आणि मग जग रांगेत उभं राहिलं. मात्र पिवळे टीशर्ट आणि पिवळ्या पिशव्या बघून घ्या. आजूबाजूला तसल्याच रंगाच्या गाड्या उभ्या असतात. आम्ही रात्री नाटक बघून तिथे जायचो तेव्हा काय रांग असायची!

अटकमटक (९:३४)
काका, इतिहास नको, सॉस सांगा. गाडी कुठलीही चालेल, ४५व्या ते ५५व्या रस्त्यामधली.

सुमेधा_क (९:४०)
व्हाइट सॉस का नको, ते सांगाल का? दूध चालत नाही, अंडं चालत नाही, की वजन? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

अटकमटक (९:४२)
कारणाने काय फरक पडतो? नको म्हणजे नको.

वाफाळता (९:५५)
मी त्याच भागात काम करतो, आठवड्यातून एकदा तरी गाडीवरच जेवण असतं. तर सरळ उत्तर:
लाल सॉस सगळीकडे असतो, पण जपून. थेंब थेंब घ्या, एक धार मारून घेतली तर जेवण संपलं. बार्बेक्यू सॉसची बाटली बऱ्याच गाड्यांवर असते. हिरवा सॉस (कोथिंबीर-हॅलपेन्यो) काहींवरच असतो, बांगलादेशी लोकांच्या गाड्यांवर मला जास्त दिसला. तिथे हिंदी चालते, 'भैया, थोडा हरा डालना' म्हटलं की काम होतं. फलाफल (छोल्यांचे वडे) विकणाऱ्या गाडीवर ताहिनी (तिळाचा पातळ सॉस) मिळू शकते, कोरडेपणावर तो सगळ्यात चांगला उपाय. आणि 'एक्स्ट्रा सॅलड' मागा, टोमॅटोचं पाणी भातात उतरतं.
'नो व्हाइट सॉस' हे मात्र ऑर्डर देतानाच सांगा आणि तो भात भरायला लागला की परत सांगा. त्यांच्या हाताला सवय असते. डाव्या हातात ॲल्युमिनियमची थाळी, उजव्यात बाटली, तुमच्याकडे न बघता तीन आडव्या रेघा मारून मोकळा.
जाता जाता: 'लॅम्ब' म्हणून जे देतात ते बहुतेक ठिकाणी जायरोचं मांस असतं आणि त्यात बीफ मिसळलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्या.

निम्मा_पुणेकर (१०:०३)
मुळात हलालच कशाला खायचं म्हणतो मी? इतर पर्याय नाहीत का त्या शहरात?

वाफाळता (१०:०६)
प्रश्न सॉसचा आहे. ज्याला खायचंय तो विचारतोय, तुम्हाला कोणी आग्रह करत नाहीये.

निम्मा_पुणेकर (१०:०८)
मत मांडायचं नाही का मग?

संपादक मंडळ (१०:१५)
त्या विषयावर धागे आहेत, तिथे मांडा. इथून पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

अटकमटक (१०:२०)
वाफाळता, धन्यवाद, हेच हवं होतं. म्हणजे ताहिनी किंवा हिरवा सॉस. ते मुलांना तिखट लागत नाही ना? नऊ वर्षांचा आहे.

सुमेधा_क (१०:२२)
कोण नऊ वर्षांचा?

अटकमटक (१०:२६)
बहिणीचा मुलगा. ते लोक उद्या येताहेत. त्याने व्हिडिओ बघून ठेवलेत, त्याला गाडीवरचंच खायचंय. मला स्वतःला व्हाइट सॉस चालतो, त्याला अंडं चालत नाही.

चिंचगूळ (१०:२८)
शाकाहारी आहेत का? मग फलाफल घ्या ना!

अटकमटक (१०:२९)
चिकन ओव्हर राइस मागतोय, शाकाहारी कसा असेल? ॲलर्जी आहे.

सुमेधा_क (१०:३१)
हे पहिल्या ओळीत हवं होतं. ॲलर्जी किती? अंगावर पुरळ, की श्वास? इंजेक्शनचं पेन बरोबर असतं का?

अटकमटक (१०:३५)
लहानपणी एकदा हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. पेन बहिणीच्या पर्समध्ये असतं. पण सॉस घेतलाच नाही तर प्रश्न कुठे येतो?

सुमेधा_क (१०:५२)
येतो. माझ्या मुलीला हीच ॲलर्जी आहे, म्हणून जरा सविस्तर.
व्हाइट सॉस म्हणजे मुळात मेयो, आणि मेयो म्हणजे अंड्याचा बलक. बंद पाकिटातल्या सॉसवर ते छापलेलं असतं, बाटलीतल्यावर काहीच नसतं. इथे कायद्याने पाकीटबंद पदार्थांवर अंडं, दूध, शेंगदाणा वगैरे लिहावंच लागतं, २०२३ पासून तीळही त्यात आहे. पण समोर करून दिलेल्या थाळीला तो नियम लागू नाही. गाडीवाला जे सांगेल तेवढीच माहिती.
दुसरं, तवा. चिकन, जायरो, कांदा सगळं एकाच लोखंडी पृष्ठभागावर त्याच दोन उलथन्यांनी चिरतात. काही गाड्यांवर सकाळी त्याच तव्यावर अंड्याचे सँडविच होतात. तवा खरवडतात, धूत नाहीत.
तिसरं, बाटल्या. आधीच्या गिऱ्हाइकाच्या भातावर व्हाइट सॉस ओतून झाल्यावर त्याच हाताने, कधी कधी थाळीला टोक टेकवत, हॉट सॉस घालतात. लाल बाटलीच्या तोंडाला पांढरं लागलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे 'नो व्हाइट, ओन्ली हॉट' म्हणूनही सुटका नाही.
आणि ताहिनी म्हणजे तीळ. तिळाचं त्याला चालतं ना, हे आधी बहिणीला विचारा.

जर्सीकर_काका (११:०१)
इतकं घाबरवू नका हो त्यांना. मी इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही. ज्या गाडीवर शहराच्या आरोग्य खात्याचं 'ए' ग्रेड लावलंय तिथे जायचं, झालं.

सुमेधा_क (११:०५)
काका, तुम्हाला अंड्याची ॲलर्जी आहे का? नाही ना, मग तुमच्या अनुभवाचा इथे उपयोग नाही. 'ए' म्हणजे तपासणीत १३ किंवा कमी दोषगुण. त्यात तापमान, हात धुणं, पाणी, झुरळं हे बघतात. कुठल्या बाटलीत अंडं आहे हे त्या अक्षरावरून कळत नाही.

जर्सीकर_काका (११:१०)
ग्रेड उगाच देत नाहीत एवढंच म्हणतोय. गाड्यांना अक्षरं मिळायला लागली तीच मुळी २०१८ च्या शेवटापासून. त्याआधी तर सगळा रामभरोसे कारभार. शिवाय रोज रात्री गाडी कमिसरीत (गाड्या ठेवायच्या-धुवायच्या जागेत) नेऊन धुवावी लागते, नियम आहे.

वाफाळता (११:१४)
दोघांचंही बरोबर आहे, फक्त काका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देताहेत.

निम्मा_पुणेकर (११:१८)
पण भाव बघितलेत का? भातावर चार तुकडे चिकन, दहा डॉलर! पूर्वी पाच-सहाला मिळायचं.

वाफाळता (११:२९)
त्याला गाडी लावायचं परमिटही कारण आहे. परमिटची संख्या १९८३ पासून तीनेक हजारांवर अडवलेली. शहराची फी दोन वर्षांना दोनशे डॉलरच्या आसपास, पण ज्याच्या नावावर परमिट आहे तो ते काळ्या बाजारात वीस-पंचवीस हजार डॉलरना भाड्याने देतो. तव्यावर उभा राहणारा माणूस ते पैसे तुमच्याच थाळीतून काढणार. २०२१ च्या कायद्याने दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचं ठरलं, दहा वर्षं. अंमलबजावणी रडतखडत. जानेवारी २०२५ मध्ये झोहरान ममदानीने (तेव्हा महापौरपदाचा उमेदवार) गाडीवाल्यांना 'दहा का?' विचारत व्हिडिओ केला होता तो याच विषयावर. स्वतःचं परमिट असेल तर आठला देऊ म्हणत होते गाडीवाले.

निम्मा_पुणेकर (११:३२)
आला का राजकारणावर!

अटकमटक (११:३४)
माझा प्रश्न कुठे गेला? उद्या दुपार आहे. सुमेधाताई, मग न्यायचंच नाही का त्याला? पोराने डोकं खाल्लंय.

सुमेधा_क (११:४८)
निर्णय त्याच्या आईने घ्यायचा, मी नाही आणि तुम्हीही नाही. मी असते तर त्याला गाडीवरचं चिकन दिलं नसतं. ज्यांची दुकानंही आहेत अशा ठिकाणी आत जाऊन घटकांची यादी मागितली असती, तिथे निदान वेगळा चमचा, वेगळे हातमोजे मागता येतात.
तरी गाडीवर जायचंच असेल तर उघडल्या उघडल्या जा, गर्दीच्या आधी. सकाळी अंडी करत नाही अशी गाडी बघा. इंग्रजीत 'एग ॲलर्जी, हॉस्पिटल' असं स्पष्ट म्हणा, नुसतं 'नो व्हाइट सॉस' नाही, नाहीतर त्याला वाटतं आवड-निवड आहे. त्याचा चेहरा गोंधळलेला दिसला तर पुढच्या कोपऱ्यावर जा. सॉस कुठलाच घेऊ नका, लालही नाही. आणि पेन पर्समध्ये नको, हातात. पर्स हॉटेलवर राहते, हा आमच्या घरचा अनुभव.

चिंचगूळ (११:५५)
अहो मग माझीच रेसिपी करा की! मेयो फक्त बिनअंड्याचा घ्या, 'व्हीगन' लिहिलेला, इथे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. लेबल वाचून घ्या. बाकी तेच. छोट्या बाटलीत भरून न्या आणि त्याच्या भातावर तुम्हीच ओता. आज रात्री करून ठेवलात तर उद्या मुरलेला.

सुमेधा_क (११:५८)
हे चांगलं आहे. दही त्याला चालतं का तेवढं विचारा.

अटकमटक (१२:१५)
बहिणीला धागा पाठवला. दही, तीळ दोन्ही चालतं. ती म्हणाली, सॉस मी करते, पण चिकन गाडीवरचं की दुकानातलं ते उद्या तिथे तवा बघून ठरवू, आणि तू मध्ये बोलू नकोस. ठीक आहे. आता एवढंच सांगा: सकाळी अकराला पन्नासाव्या रस्त्याच्या आसपास अंडं न करणारी गाडी कोणाला माहीत आहे?

जर्सीकर_काका (१२:१८)
५३वा आणि सिक्स्थ. पहिल्यापासून सांगतोय.

वाफाळता (१२:२४)
अकराला जात असाल तर मी खाली उतरतो, ऑफिस तिथेच आहे. साडेदहाला एक चक्कर मारून कोणाच्या तव्यावर अंडी दिसतात ते इथे टाकतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

खिडकीतला (१२:४०)
धागा वाचतोय केव्हापासून. ते लॅम्बमध्ये बीफ असतं हे नक्की आहे का? मी इतकी वर्षं मटण म्हणून खातोय आणि आईला फोनवरही तसंच सांगतो.

वाफाळता (१२:४३)
सगळीकडे नाही, पण बहुतेक ठिकाणी. गाडीवाल्याला विचारा, खरं सांगतात. आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.