महिन्याला 300 रुपयांत पर्यावरणाला धरून राहायचं तर सुरुवात कुठून करावी?

धनकवडीकर
नमस्कार. आम्ही पुण्यात धनकवडीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. दोघं कमावतो, तरी भाडं आणि फी गेली की महिनाअखेरीला काही उरत नाही. शाळेत कचऱ्यावर प्रकल्प झाल्यापासून लेक रोज विचारते, "आई, आपला कचरा कुठं जातो?" पुण्याचा कचरा जिथं वर्षानुवर्षं टाकला गेला त्या उरुळी-फुरसुंगीच्या डेपोबद्दल मी तिला सांगितलं, आणि तेव्हापासून मलाही चैन नाही. पण नेटवर शोधलं की बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ आणि दोन-अडीच हजारांच्या तयार खतटोपल्या दिसतात. मला महिन्याला फार तर 300 रुपये काढता येतील. गॅलरी कपडे वाळत घालण्यापुरती आहे. काय करू?

मिरजेची_मावशी
अगं, आधी ते ब्रश आणि स्ट्रॉ डोक्यातून काढून टाक. घरातला धडका प्लॅस्टिकचा डबा टाकून त्याजागी नवा स्टीलचा आणणं मला अजिबात पटत नाही. आहे तो फुटेपर्यंत वापर.

मी मिरजेत बरीच वर्षं विद्यार्थ्यांची खानावळ चालवली. पैसा जिथं गळायचा तिथंच नासाडीही असायची, म्हणून सांगते, स्वयंपाकघरापासून सुरुवात कर.

पहिला गॅस. तूरडाळ तासभर भिजत घाल. डाळ, तांदूळ, बटाटे कुकरला एकावर एक लाव. शिट्टी झाली की आच बारीक कर, आणि बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ घालवू नको, त्या वाफेवरही डाळ शिजत असते. ज्योत पिवळी दिसायला लागली की बर्नरची भोकं सुईनं मोकळी कर. याला एक रुपया लागत नाही आणि सिलिंडर नक्की जास्त दिवस जातो.

दुसरा ओला कचरा. हे मात्र मनावर घेच. रंगकाम करणाऱ्याकडून 20 लिटरची रिकामी बादली माग, स्वच्छ घासून घे. खिळा तापवून कडेनं आणि तळाला भोकं पाड, खाली जुनी परात ठेव. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर वीतभर वाळका पाला. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक करून टाकायचा आणि प्रत्येक वेळी वरून मूठभर पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपड. आठवड्यातून एकदा काठीनं खालीवर कर. आमटी-भाजीचं तेलकट खरकटं, हाडं-काटे घालू नको. बादली भरली की झाकून ठेव आणि तोवर दुसरी सुरू कर. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. चार कुंड्या कढीपत्ता-पुदिन्याच्या लाव, बाकीचं शेजाऱ्यांना दे.

आणि दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापू नकोस, लटकता ठेव. तो चिमुकला तुकडा कचरावेचक ताईंच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पिशव्या विसळून, वाळवून वेगळ्या दिल्यास की त्यांनाही चार पैसे जास्त सुटतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपला कचरा शेवटी कुणाच्या तरी हातातूनच जातो.

वायरमन_कराड
ताई, मी विजेचं सांगतो. साधा सीलिंग फॅन 75 वॅटच्या आसपास खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी फॅन 28 ते 35 वॅट. रोज 14 तास चालणारा एक फॅन बदलला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढचा दर जवळपास दुप्पट होतो, त्यामुळं वाचलेली युनिटं त्या वरच्या टप्प्यातली असतील तर फॅनचे अडीच-तीन हजार दीडेक वर्षात वसूल. दोन फॅन एकदम घेऊ नका. महिन्याचे 300 साठवा आणि जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी बदला. घर सोडताना काढून नेता येतो, फक्त जुना जपून ठेवा, मालकाचा असतो.

गीझर 2000 वॅटचा असेल तर अर्ध्या तासात एक युनिट. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं की महावितरण थोडी सूटही देतं.

कल्याण_लोकल
मावशी, सगळं पटतंय, पण मला एक गोष्ट बोलायचीच आहे. हे असे वाचलेले पैसे बहुतेक वेळा बाईच्या कष्टांतून वाचतात. मी सकाळी सातच्या आत घर सोडते. साबणाऐवजी रिठे वापरायचे तर ते रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा, आणि ते पाणी चार दिवसांत आंबतं. मला ते जमणार नाही आणि जमलं नाही म्हणून मी कमी पडले असं मी मानत नाही. म्हणून मी एकदाच करून विसरता येतील अशी कामं निवडली. नळांना पाणी कमी सोडणारी जाळी बसवली, प्रत्येकाच्या बॅगेत एक घडीची पिशवी कायमची ठेवली, आणि पॅडऐवजी मेन्स्ट्रुअल कप घेतला. तीन-चारशे रुपयांचा कप नीट उकळून वापरला तर काही वर्षं जातो. धनकवडीकर, तुम्हाला सवय होत असेल तर तुमचे पहिले 300 मी यावर खर्च करायला सांगेन.

मिरजेची_मावशी
बरोबर बोललीस गं. खानावळीत ताट उचलताना खरकटं वेगळं काढायचं काम ज्याचं त्याचं होतं. पहिल्या महिन्यात पोरं कुरकुरायची, पण मी एकाचंही ताट उचललं नाही. घरातही तसंच ठरवा. बादली खालीवर करणं नवऱ्याचं, पाला मुलीचा. सासूबाईंना हौस असेल तर जुन्या साडीच्या पिशव्या शिवतील, पण त्यांच्या गळ्यात मारू नकोस.

धनकवडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला हे वाचून दाखवलं, बादलीचं काम त्यानं घेतलंय. दोन शंका. वास आला किंवा अळ्या झाल्या तर घरमालक ऐकणार नाहीत. आणि पाला तळजाई टेकडीवरून आणला तर चालेल का?

मिरजेची_मावशी
टेकडीवरचा आणू नकोस, तो तिथल्या मातीला हवा. रस्ता झाडणाऱ्या ताईंना सांग, त्या पोतं भरून देतील. नाहीतर तो बऱ्याच ठिकाणी पेटवूनच देतात. गुलमोहराचा पाला लवकर कुजतो. आंब्या-फणसाचा जाड असतो, तो चुरून घाल.

वास आला म्हणजे आत पाणी जास्त झालंय. दोन मुठी पाला नाहीतर फाडलेलं वर्तमानपत्र घाल, खालीवर कर आणि दोन दिवस नवीन काही टाकू नको. अळ्या कचरा खाऊन खतच करतात, माणसाला काही करत नाहीत. वर पाल्याचा जाड थर ठेवलास तर फारशा दिसणारही नाहीत. पावसाळ्यात बादली गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात घे, आणि परातीत साठलेलं पाणी दहापट पाणी घालून कुंड्यांना दे. मालकांना आधीच सांगून टाक, आणि पहिलं खत निघालं की त्यातलं थोडं त्यांच्याही कुंडीत घाल.