सोसायटीतला ज्येष्ठांचा हास्यक्लब ओस पडत चाललाय, कसा टिकवायचा?

बागेतला_बाक:
आमच्या सोसायटीच्या बागेत रोज पहाटे साडेपाचला हास्यक्लब भरतो. सुरुवातीला ३० जण यायचे, आता जेमतेम १२. बहुतेक सत्तरीच्या पुढचे. सगळे रांगेत उभे राहतात, एक काका माइकवर विनोद सांगतात, मग हात वर करून हसायचं. अर्धा तास हेच. काही जणी गुडघ्यांमुळे थांबल्या, दोघांना चक्कर आली, बाकीच्यांना खोटं खोटं हसायची लाज वाटते. शिवाय समोरच्या इमारतीतून आवाजाची तक्रार आहे. तब्येतीच्या दृष्टीने काय सांभाळायचं आणि गेलेली मंडळी परत कशी आणायची? जागा आहे, पैसे फारसे नाहीत.

टाळीबाज:
पहिल्यांदा विनोद बंद करा. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत लोखंडवाला भागातल्या बागेत ५ जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथेही विनोदच सांगायचे. थोड्याच दिवसांत बरे विनोद संपले आणि चावट, टोचणारे सुरू झाले. लोक तक्रार करायला लागले. मग त्यांनी विनोद काढून टाकला. नजरेला नजर द्यायची, लहान मुलासारखं खेळायचं आणि नुसता 'हा हा' आवाज काढायचा, खरं हसू मागून येतं. तुमचे काका अजून पहिल्याच पायरीवर आहेत.

दुसरं, रांगा मोडा. रांगेत समोरच्याची मान दिसते, चेहरा नाही, आणि हसू चेहऱ्यावरून पसरतं. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. गोल करा, दोघांत हातभर अंतर ठेवा. २० च्या वर माणसं झाली तर दोन गोल. माइकही नको. माइक आला की एक जण कलाकार होतो आणि बाकीचे प्रेक्षक.

साधारण क्रम असा: पहिली ५ मिनिटं खांदे-मान सैल करणं आणि टाळ्या. टाळी बोटांना बोटं, तळव्याला तळवा लावून, १-२, १-२-३ या तालावर 'हो हो, हा हा हा'. मग एकेक हास्यप्रकार ३० ते ४० सेकंद, आणि प्रत्येकानंतर दोन संथ श्वास (४ अंक मोजून आत, ६ मोजून बाहेर). दोन-तीन प्रकारांनंतर सगळ्यांनी हात उंचावून 'छान! छान! मस्त!' असं ओरडायचं. पोरकट वाटतं, पण हाच भाग सर्वांत कामाचा आणि नेमका हाच लोक गाळतात. एकूण ८ प्रकार पुरे. शेवटची ४ मिनिटं डोळे मिटून शांत.

सोपे प्रकार: नमस्कार हास्य, ताक घुसळण्याचं हास्य, मोबाइल कानाला लावून हास्य, बोट नाचवत भांडणाचं हास्य. भांडणाच्या पाठोपाठ कान पकडून माफीचं हास्य घ्यायचंच, मध्ये थांबायचं नाही. ज्यांना लाज वाटते त्यांच्या हाताला काम द्या. ताक घुसळणारा माणूस आपण कसे दिसतोय याचा विचार करत नाही. आणि 'हसा, हसा!' असा हुकूम कुणालाही सोडू नका.

उषःकाल:
चक्कर येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सलग जोरात हसणं. भराभर श्वास बाहेर गेला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटं झिणझिणतात, डोकं हलकं होतं. मधले संथ श्वास त्यासाठीच असतात. तसं झालं तर बसवा आणि सावकाश श्वास घ्यायला लावा. छातीत दुखणं, एका बाजूची कमजोरी, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर मात्र श्वासाचे प्रयोग करत बसू नका, लगेच १०८ ला फोन.

हर्निया, रक्त पडणारी मूळव्याध, काबूत नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार, फिट येणं, काचबिंदू, गेल्या ३ महिन्यांतली मोठी शस्त्रक्रिया: यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचं हसणं नको. पोटावर दाब येतो, हे मुख्य कारण. या लोकांना घरी पाठवू नका, टाळ्या, श्वास आणि मंद हसू त्यांना चालतं. ताप-खोकला असेल तर बरं होईपर्यंत सुट्टी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे उपाशीपोटी आले तर साखर खाली जाऊ शकते. पिशवीत साखर ठेवा. थरथर, घाम, गोंधळ दिसला आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा.

हसताना लघवी सुटणं हे बायकांनी येणं सोडण्याचं मोठं कारण आहे आणि ते त्या सांगत नाहीत, 'गुडघे' सांगतात. एखाद्या ताईने बायकांना वेगळं बोलून सांगावं: येण्याआधी लघवीला जाऊन या, बसून हसा, आणि श्रोणीच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंचे व्यायाम डॉक्टरांकडून शिकून घ्या. बसण्यासाठी हात टेकायची सोय असलेली खुर्ची हवी, फरशीवर. ओल्या मातीत प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात. पावसाळ्यात शेवाळलेल्या जागी स्लिपरवर येऊ देऊ नका. आणि जीभ बाहेर काढायच्या सिंहहास्यात सैल कवळी हातात येते, त्याआधी कवळीवाल्यांना सूचना!

शंकासूर:
क्लबांच्या फलकांवर मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं होतं असं लिहिलेलं असतं. त्याला आधार नाही. मनःस्थिती सुधारते, ताण हलका होतो, असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यांतले बरेच छोटे आहेत. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये मंडळींसोबत हसल्यावर वेदना सोसायची मर्यादा वाढल्याचं दाखवलं, तेवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. 'क्लबला यायला लागल्यापासून बीपीची गोळी सोडली' असं कुणी कौतुकाने सांगत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

आवाजाबद्दल: ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० ते सकाळी ६ अशी धरतात, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे साडेपाच ही वेळच चुकीची. साडेसहाला भरवा, भिंतीपासून लांब, माइकशिवाय. तक्रारदारांना आधी जाऊन भेटा.

चिंचबोर:
वर सगळं बरोबर आहे, पण माणसं हसायला येत नाहीत, कुणीतरी आपली वाट बघतंय म्हणून येतात. तेवढी सोय करा.

५-५ जणांचे गट पाडा, शक्यतो एकाच गल्लीतले किंवा एकाच मजल्यावरचे. सलग दोन दिवस कुणी दिसलं नाही की गटातल्या एकाने त्याच संध्याकाळी फोन करायचा. 'का आला नाहीत?' असं विचारू नका, तो हजेरीचा सूर होतो. 'आज तुमची आठवण निघाली' एवढं पुरतं. दोनदा फोन उचलला नाही तर दार वाजवायचं. एकटं राहणाऱ्यांच्या मुलांचे आणि शेजाऱ्यांचे नंबर वहीत हवेत. सुप्रभातच्या फुलांच्या फोटोंनी हे काम होत नाही.

हाक कशी मारता तेही बघा. साठीच्या बाईला सरसकट 'आजी' म्हटलं की ती आजीसारखीच बसून राहते. नाव विचारा, कुसुमताई, वसंतराव म्हणा. स्पर्शाची जबरदस्ती नको. मिठीपेक्षा समोरासमोर टाळी आपल्याकडे सगळ्यांना झेपते. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांना नुसतं उभं राहू द्या. हसता हसता रडू फुटलं तर गोल तसाच चालू ठेवावा, एकाने बाजूला जाऊन जवळ बसावं, पाणी द्यावं, बोलायला लावू नये.

आठवड्यातून एक दिवस हसण्याऐवजी खेळ. सागरगोटे टेबलावर खेळता येतात, आखडलेल्या बोटांना चांगले. लगोरीही जमते, फक्त ७ लगोऱ्या जमिनीवर न रचता बाकावर रचा, म्हणजे वाकावं लागत नाही आणि उठताना भोवळ येत नाही. चेंडू स्पंजचा, फेकायचं अंतर ८-१० फूट, पळापळ नाही. फुगडी नको, हात सुटला तर खुब्याचं हाड मोडतं. नवरात्रात भोंडला मात्र जरूर, तो संथ असतो आणि गाणी सगळ्यांना पाठ असतात. त्या दिवशी नातवंडांना बोलवा, पण त्यांना प्रेक्षक करू नका, जोडीला घ्या.

बागेतला_बाक:
खूप उपयोगी. वेळ आणि गोल उद्यापासूनच बदलतो. एकच अडचण: माइकवाले काका दुखावतील. क्लब त्यांनीच सुरू केलाय.

चिंचबोर:
त्यांना फोनची वही द्या. आवाज आहे, माणसं ओळखतात, आणि विनोद सांगायला रोज संध्याकाळी कुणीतरी मिळेल. गोल कोण घेणार याची आठवड्याची पाळी लावा आणि पहिली पाळी त्यांचीच ठेवा.