मदत हवी आहे: सोलापुरात मुरारजी पेठेत १२ मजली टॉवर, हो म्हणावं का?

मुरारजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या जागी बिल्डर १२ मजले चढवू म्हणतोय. घरात दोन तट पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो, गावात असं काही उभं राहिलं तरच पोरं पुण्याला पळायची थांबतील. काकांचं एकच, "उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतंय, वर काय चढवणार?" मला काकांचं पटतं, पण दर पावसाळ्याला गळकं माळवद कोण चोपत बसणार?

विमानसेवेसाठी २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, म्हणून विचारतो: पेठेतल्या इमारतीच्या उंचीलाही विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागते का? टँकर, लिफ्ट, जनरेटर धरून महिन्याचा मेंटेनन्स कितपत पडतो? उंच इमारतीत राहणाऱ्यांनीच सांगा. बिल्डरांचे नंबर नकोत, ते ढिगानं आलेत.