१२ व्होल्टचा राउटर पॉवर बँकेवर: कुठली केबल घ्यावी?

प्रश्न (लाईटगेली):
देखभालीसाठी आमच्याकडे आठवड्यातून एकदा तीन-चार तास लाईट जाते. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय. पॉवर बँक २०,००० एमएएच, २२.५ वॅटची. ५ चे १२ व्होल्ट करणारी यूएसबी केबल लावली. राउटर सुरू होतो, पण व्हिडिओ कॉल चालू केला की दोन-चार मिनिटांत रिस्टार्ट होतो. १२ वॅटच्या राउटरला २२.५ वॅट कमी कसे पडतात? शिवाय टाइप-सीची ‘पीडी ट्रिगर’ केबलही मिळते. ती वेगळी असते का? राउटर जळण्याची भीती आहे का?

उत्तर १ (तांब्याचीतार):
२२.५ हा आकडा तुमच्या केबलच्या कामाचा नाही. तेवढी वॅट फक्त फोन आणि बँक एकमेकांना ओळखतात तेव्हाच मिळते. तुमची स्टेप-अप केबल बँकेशी काही बोलतच नाही, ती साधे ५ व्होल्ट घेते आणि आतल्या छोट्या सर्किटने चढवते. त्या ५ व्होल्टवर बँक किती अँपिअर देते ते पाहा. बहुतेक ठिकाणी २ ते ३.

आता हिशेब. राउटरला पुरे १२ वॅट हवे असतील आणि सर्किट ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर आत १४ वॅट लागतात. म्हणजे ५ व्होल्टवर २.८ अँपिअर. राउटर एरवी ५-७ वॅटच खातो, म्हणून सुरू होतो. वायफायवर जोर आला की मागणी उसळते आणि तिथेच गाडी अडते.

खरा चोर मात्र तार आहे. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची, म्हणजे फार बारीक तार असते. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४२. २ अँपिअरला ०.८ व्होल्टहून जास्त वाटेतच पडतात, सर्किटपर्यंत जेमतेम ४.१५ पोहोचतात. तेवढीच वॅट द्यायची तर सर्किट आणखी करंट ओढतं, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, आणि शेवटी ते बसतं.

हीच केबल वापरायची असेल तर सर्किटचा फुगवटा यूएसबी प्लगलाच चिकटून असलेली घ्या. मग लांब तारेतून १२ व्होल्ट जातात, करंट निम्म्याहून कमी होतो. यूएसबी एक्स्टेंशन तर अजिबात लावू नका.

उत्तर २ (सोल्डरगन):
ट्रिगर केबल ५ चे १२ करत नाही. तिच्या टोकात एक चिप असते, ती बँकेकडे १२ व्होल्ट मागते आणि चढवायचं काम बँक करते. त्यामुळे तारेतून कमी करंट जातो, केबल गार राहते.

मेख अशी की यूएसबी पीडीच्या (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरच्या जलद चार्जिंगची पद्धत) १०० वॅटपर्यंतच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत. १२ व्होल्ट देणं उत्पादकाच्या मर्जीवर आहे. बरेच चांगले, महागडे चार्जरही ते देत नाहीत. अशा वेळी १२ मागणाऱ्या केबलमधून बहुधा ९ व्होल्टच बाहेर पडतात. काही राउटर ९ वरही चालतात, पण त्या भरवशावर राहू नका. म्हणून बँकेच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. टाइप-सी आउटपुटच्या ओळीत १२ व्होल्ट छापलेले हवेत, आणि पुढचा आकडा १ अँपिअरच्या वर.

जळण्याची भीती व्होल्टेज बदलायचं बटण असलेल्या मॉड्यूलमध्ये. बटण चुकून २० वर गेलं की राउटर गेला. कायम १२ ची केबल घ्या. सीएच२२४के चिपचं मॉड्यूल स्वतः जोडणार असाल तर सीएफजी१ पिन ते ग्राउंड २४ किलोओहमचा रेझिस्टर बसवा. ६.८ लावलात तर ९ व्होल्ट, ५६ लावलात तर १५, आणि काहीच न लावता सोडलंत तर २०. सोल्डरचा डाग नीट बसला नाही तरी चिप २० मागेल, हे ध्यानात ठेवा.

केबल राउटरला लावण्याआधी तिच्या पिनला मल्टिमीटर लावाच. लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या नळीला. ११.४ ते १२.६ दिसलं आणि उणे चिन्ह नसलं तर ठीक. राउटरवरच्या चित्रात मधल्या ठिपक्याला अधिक चिन्ह आहे ना, तेही पाहा.

पिन ५.५ बाय २.१ की २.५ मिलिमीटर हेही तपासा. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये जाते, पण सैल बसते. मग वायर जराशी हलली तरी राउटर रिस्टार्ट होतो आणि दोष पॉवर बँकेवर येतो.

लाईटगेली:
टाइप-सीच्या ओळीत ५ व्होल्ट ३, ९ व्होल्ट २.२२ आणि १२ व्होल्ट १.६७ अँपिअर आहे. मग ट्रिगर केबलच मागवतो. बँक चार्जिंगला लावून राउटर कायम तिच्यावरच ठेवला तर?

उत्तर ३ (उलटाप्रवाह):
१२ व्होल्ट, १.६७ अँपिअर म्हणजे २० वॅट. एका राउटरला भरपूर. तुमच्या बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-अवर आहेत. रूपांतरात जाऊन ६० च्या आसपास हाती लागतात. ७ वॅटच्या राउटरला आठेक तास.

कायम जोडून ठेवू नका. चार्जिंग सुरू किंवा बंद होताना बहुतेक बँका आउटपुट क्षणभर तोडतात आणि व्होल्टेजची बोलणी पहिल्यापासून करतात. रिस्टार्ट व्हायला राउटरला तेवढा खंड पुरतो. शिवाय बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि कोमट राहून लवकर फुगते. न तुटता चालायला हवं असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, तो याच कामासाठी बनवलेला असतो.

लाईट नसताना त्याच बँकेच्या दुसऱ्या पोर्टवर फोन लावायचा मोह टाळा. दोन पोर्ट वापरात आले की बऱ्याच बँका सगळीकडे ५ व्होल्टवर येतात, आणि राउटर बंद. फायबरचा वेगळा डबा असेल तर त्यालाही वीज लागेल, नाहीतर वायफाय दिसेल पण नेट येणार नाही. तोही १२ व्होल्टचा असेल तर दोन तोंडांची डीसी वायर चालेल. फक्त दोघांच्या लेबलवरच्या अँपिअरची बेरीज १.६७ च्या आत हवी.