शिंपल्यांवरून जुना समुद्र थंड होता की उबदार, हे कसं कळतं?

फोंड्याची बाई:
नमस्कार. नववीच्या मुलांनी मोरजीहून पिशवीभर शिंपले आणले. जीवाश्मांबद्दल सांगत होते, तर एका मुलीने वरचा प्रश्न विचारला. डार्विन सोडून कुणाची गोष्ट सांगता येईल?

म्हापशाचा शंखवेडा:
बाई, जीवाश्मांचा अभ्यासक सर्ल्स वुड याची सांगा. जन्म १७९८, इंग्लंडच्या सफोकमधलं वुडब्रिज. तेराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर गेला, १८२६ मध्ये समुद्र सोडून गावाकडे परतला आणि आसपासच्या ‘क्रॅग’ नावाच्या शिंपलेदार वाळूत रमला. यातला रेड क्रॅग लोखंडाने गंजल्यासारखा तांबडा.

त्याची रीत मला फार मोलाची वाटते. थरातला प्रत्येक शिंपला आजच्या जिवंत जातींशी ताडून बघायचा. खालच्या, जुन्या कोरलाइन क्रॅगमध्ये उबदार पाण्यातल्या जाती बऱ्याच; वरच्या रेड क्रॅगमध्ये उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या वाढत जातात. तुमच्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच! क्रॅगचं वय ठरवताना भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलनेही वुडच्या संग्रहाचा आधार घेतला. वुडचा ‘क्रॅग मोलस्का’ हा या शंखशिंपल्यांवरचा ग्रंथ १८४८ ते १८५६ दरम्यान भागाभागाने छापला गेला, १८६० मध्ये त्याला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं वोलॅस्टन पदक मिळालं. संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

वर्गात एक गंमत दाखवा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. रेड क्रॅगमधल्या नेपच्युनिया शंखाचं डावीकडे, आणि तिथे तो मुबलक!

सांगेकर:
आपल्याकडे असे जीवाश्म मिळतील का?

म्हापशाचा शंखवेडा:
कठीण आहे, बाब. गोव्यातला बहुतेक खडक २०० कोटी वर्षांहून जुना, तेव्हा शिंपलेवाले प्राणीच नव्हते. वर जांभा. तमिळनाडूत अरियलूरला मात्र खजिना आहे. फर्डिनांड स्टोलिच्काने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात राहून त्यावर मोठे ग्रंथ लिहिले. १८७४ मध्ये मध्य आशियातल्या यारकंदहून परतताना लडाखमध्ये वारला, वय अवघं ३६. त्याच्यावरही एक तास घ्याच.

फोंड्याची बाई:
खूप आभार. मोरजीचे शिंपले शनिवारी मुलांकडून जातवार लावून घेते. फुटके काढून टाकू का?

म्हापशाचा शंखवेडा:
नको, बाई. बिजागरीजवळचे दात शाबूत असले तर अर्ध्या शिंपल्यावरूनही जात ओळखता येते. कुठून उचलला, तेवढं चिठ्ठीवर लिहायला लावा.