मोठ्या कंपन्यांची बिअर आणि सांगलीतली उन्हं
खऱ्या बिअरप्रेमीने मोठ्या कंपन्यांची बाटली घेऊच नये, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

राग रास्त आहे. संगनमताने दर ठरवल्याबद्दल २०२१ साली भारतीय स्पर्धा आयोगाने युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडियाला मिळून ८७० कोटींहून जास्त दंड ठोठावला. म्हणजे वर्षानुवर्षं आपल्याच खिशातून जादा पैसे गेले. किंगफिशर देशी म्हणून घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की ती बनवणारी युनायटेड ब्रुअरीज त्याच वर्षी हाइनेकेन या डच कंपनीच्या ताब्यात गेली.

पण पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या लहान ब्रुअरी आहेत, तिथे टाकीतून थेट ग्लासात ताजी बिअर मिळते. सांगलीत राहणाऱ्याने रोज पुणे गाठायचं का? इथे दुकानात जे असतं तेच घ्यावं लागतं, आणि माझं खरं भांडण साठवणुकीशी आहे. एप्रिलमध्ये विश्रामबागेतल्या एका दुकानाबाहेर क्रेट दुपारभर उन्हात पडलेले पाहिले. त्यातली हिरवी बाटली घरी उघडली तर उग्र, कुबट वास. हिरव्या काचेतून प्रकाश आत शिरतो आणि हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांचं विघटन होऊन असा वास येतो. तपकिरी काच प्रकाश बराच अडवते. लहान ब्रुअरीची बाटलीही उन्हात ठेवली तर तिचंही तेच होणार.

म्हणून मी कंपनी नंतर बघतो. आधी बाटली फिरवून भरल्याची तारीख वाचतो, तपकिरी काच निवडतो, फ्रीजमधलीच मागतो. आणि दुकानदाराला दर खेपेला विचारतो, ‘लहान ब्रुअरीचं काही आणलंत का?’ तुम्हीही विचारत राहा, दोघा-चौघांनी मागितलं की तो एखादा क्रेट मागवतोच.